काट्यावरच्या मामाचं वजन

संगमनेर,
२० नोव्हेंबर १९७१

ती. दाजींना सहादेवचा नमस्कार.

अक्काचं आणि तुमचं क्षेम कळलं. पुष्पीच्या स्थळाचं वाचून आनंद झाला. अकोल्याच्या वाकचौऱ्यांकडे मुलगी पडली तर आपल्याला आणखी काय हवं? श्रीमंतरावांचा ऊस आमच्याच कारखान्याला येतो, माणूस ओळखीचा आहे. मुलगा राधाकृष्ण गेल्या हंगामात गाड्यांबरोबर यायचा. वर मान करून बोलत नाही आणि बैलाला काठी लावत नाही. एवढं माझ्या भाचीला पुरे.

आता माझं. तुम्ही राजुरात बसून म्हणता की सहादेव सुधारला. दाजी, फारच सुधारलो. ऊस मोजायच्या काट्याच्या खोलीला चार पायऱ्या आहेत, त्या चढलो की मी आधी खुर्ची शोधतो. घरच्यांनी फारच लावून धरलं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. नवीन आलेत, पुण्याचे शिकलेले. त्यांनी लघवी तपासली तर साखर निघाली. मी म्हणालो, साखर कारखान्यात काम करतो, निघायचीच. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, वडील कितव्या वर्षी गेले? तात्या बांधावर बसल्या जागी गेले एवढं मला आठवतं, वर्ष काही सांगता येईना. ते म्हणाले, अंगावरचं वजन उतरवा, नाहीतर तुम्हीही बसल्या जागी जाल.

वजन का वाढलं हे त्यांना मी काय सांगणार? गावाकडे होतो तेव्हा सकाळी डोंगर उतरायचो नि संध्याकाळी चढायचो. आता क्वार्टरपासून काट्यापर्यंत फटफटी. काट्यावर खुर्ची. समोर उसाच्या गाड्यांची रांग, आणि प्रत्येक गाडीवाल्याच्या हातात माझ्यासाठी चहा. तोही असा गोड की कप बशीला चिकटतो. नको म्हणालो की त्या बापड्याचं तोंड उतरतं. त्याला वाटतं साहेब बिघडले, आता काटा मारणार, पावतीवर ऊस कमी दाखवणार. मग तो चहाबरोबर भेळही आणतो. मी खाल्लं की त्याचा जीव भांड्यात पडतो. सगळ्या तालुक्याचे जीव भांड्यात पाडता पाडता माझा हा असा पिंप झाला.

या आंतर्देशीयाला बंगालच्या निर्वासितांचं जादा तिकीट लावावं लागलं. कार्डाला ते लागत नाही म्हणतात. यापुढे कार्डच टाकीन.

तुमचा
सहादेव

————

राजूर,
२ डिसेंबर १९७१

चि. सहादेव यास आशीर्वाद. सध्या तुला त्यांची जरुरी दिसते.

पत्र तुझ्या अक्काला वाचून दाखवलं. चूक झाली. वजन उतरवायला सांगितलंय हे ऐकल्यापासून ती डोळ्याला पदर लावून बसली आहे. "माझ्या भावाला कुनाची तरी दिष्ट लागली" असं म्हणते. काल तिनं मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाबरोबर आंबेमोहर तांदूळ आणि लोणकढ्या तुपाची बरणी पाठवली आहे. तांदूळ तू खायचा आणि तूपही तूच खायचं, असा निरोप आहे. डॉक्टरांना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

मी वर्गावर आरोग्य शिकवतो, त्यामुळे मला डॉक्टरांचं पटतं. पण पुस्तकातला धडा वेगळा आणि गावातला वेगळा. इथं माणूस वाळला की विचारतात, काय झालं? फुगला की विचारतात, बढती मिळाली का? मलाच बघ. वीस वर्षं शाळेला पायी जातो, दम लागत नाही. पण लग्नाच्या बोलणीत माझ्याकडे कुणी बघत नाही, सगळे तुझ्याबद्दल विचारतात.

ते स्थळ तुझ्यामुळेच पुढे सरकलं आहे. श्रीमंतराव बैठकीत चारचौघांत म्हणाले, "मास्तर गरीब हाय, पर पोरीचा मामा काट्यावर हाय. मानसाला वजन हाय." म्हणून सांगतो, तुझ्या दुखण्याचा शब्द त्यांच्या कानावर जाता कामा नये. मामाला रोग आहे म्हटलं की ते पोरीच्या रक्तात शोधतील. वैशाखात कार्य उरकू दे, मग तू खुशाल आजारी पड.

मधूनमधून वजनाचं कसं काय ते कळवत जा. कार्ड चालेल. अक्काला मी हवं ते वाचून दाखवीन.

तुझा
रंगनाथ

————

(पोस्टकार्ड)

संगमनेर, २१-१२-७१

ती. दाजी यांस सा. न. वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे वजन कमी करण्याचे काम चालू केले आहे. दर आठवड्याला थोडे थोडे काढतो आहे. एकदम कमी केले तर लोकांच्या लक्षात येईल, म्हणून बेताने. हंगाम संपेपर्यंत बराच फरक पडेल. हे कुणाला कळू देऊ नये. श्रीमंतरावांच्या कानावर तर मुळीच जाऊ देऊ नये. अक्काचे तूप पोचले.

सहादेव

————

राजूर,
५ जानेवारी १९७२

सहादेव,

आशीर्वाद वगैरे नंतर. हे पाकीट आहे, त्यावर जादा तिकीट आहे आणि मी ते डिंकानं दोनदा चिकटवलं आहे. का, ते वाच.

आमचा टपालवाला कानिफनाथ मनानं वाईट नाही. गावातली निम्मी माणसं निरक्षर, म्हणून त्याला कार्ड वाचून देण्याची सवय. ज्याला वाचता येतं त्याचंही तो वाचतो, हात बसला आहे. बाजारच्या दिवशी तुझं कार्ड आलं. मी शाळेत. कानिफनाथ हॉटेलात चहा पीत होता. कुणीतरी विचारलं, मास्तरच्या मेव्हण्याचं काय म्हणणं आहे? त्यानं वाचून दाखवलं. त्याच बाकावर श्रीमंतराव बसले होते, बैल बघायला आले होते.

तू आता ते कार्ड मनात पुन्हा वाच. तू काट्यावरचा माणूस आहेस हे लक्षात ठेवून वाच.

शाळा सुटली तर श्रीमंतराव माझ्या ओट्यावर. पाण्याचा तांब्या पुढं केला, हात लावला नाही. म्हणाले, "मास्तर, सोयरीक करायला आलो आन तुमी मेव्हण्याकरवी माझाच ऊस कापाया लागलाव. आपल्या आज्ञेपरमानं म्हनं. दर आठवड्याला थोडं थोडं म्हनं."

मी सगळं सांगितलं. अंगाचं वजन, डॉक्टर, साखर. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "मास्तर, मी बी लई डागदर बघितल्यात. डागदर बाटली देतो, सुई देतो, अंगावर मूठभर मांस यावं म्हनून. चांगल्या खात्यापित्या मानसाला वाळ म्हनून सांगनारा डागदर मला दावा. आन अंगाचं असंल तर लोकांच्या ध्यानात यायचं भ्या कशाला?"

तुझी अक्का दाराआडून म्हणाली, "माजा भाऊ देवमानूस हाय." त्यावर ते म्हणाले, "व्हय, देवाला बी निवद लागतो."

वीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी लबाड म्हटलं नव्हतं. मी खरं बोलत होतो आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. बोलणी थांबली आहेत. पुष्पी चुलीपुढून उठत नाही. ही बातमी श्रीमंतराव कारखान्यावर नेल्याशिवाय राहणार नाहीत. तू एक कर, तुझं वजन कमी झालेलं त्यांना दाखव. तेवढा एकच पुरावा आहे.

रंगनाथ

————

संगमनेर,
३० जानेवारी १९७२

ती. दाजी,

तुमचा पुरावा माझ्याकडे नव्हता.

कार्डात लिहिलं ते माझ्या मनातलं होतं, अंगावरचं नव्हे. डॉक्टरांनी सांगितलं, कमी खा. कमी खायचं म्हणजे आपल्याकडे उपास. म्हणून घरच्यांनी मला गुरुवार, शनिवार आणि दोन्ही एकादश्या धरायला लावल्या. उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, रताळ्याचा कीस, आणि सगळ्यावर अक्काचं तूप. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते मी अंगावर काढलं. काट्यावर सांगितलं, उपास आहे, भेळ नको, तर लोक केळी आणि पेढे आणू लागले.

श्रीमंतरावांची तक्रार आली. एक संचालक आले. त्यांनी विचारलं, तुमचं म्हणणं वजन तुमचं कमी होतंय, मग दिसत कसं नाही? गोदामात पोती मोजायचा काटा आहे, त्यावर मला चढवलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघितलं. वाढलेलं निघालं. गोदामात हसू फुटलं. मला हसताही येईना आणि खाली उतरताही येईना. चौकशी होईपर्यंत मला काट्यावरून काढून गाडीतळावर टाकलं आहे.

गाडीतळ म्हणजे उघडं माळरान. तिथं बैलगाड्यांना क्रमानं सोडायचं, भांडणं तोडायची, दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. फटफटीला तिथं वाट नाही. कुणी चहा देत नाही. ज्याच्या हातात पावती नाही त्याला चहा कशाला? पाथर्डीकडून ऊस तोडायला आलेली एक मालनबाई आहे, फक्त तिनं बोलणं टाकलं नाही. मी का चालतो ते तिला सांगितलं तर म्हणाली, "साहेब, तुमाला वाळायला डाक्तर लागला व्हय? आमाला तर न मागता गावतं." मग तिनं अर्धी भाकरी आणि ठेचा दिला, मी तेवढंच खाल्लं.

आता खरं सांगतो. पहिले काही दिवस मान वर होत नव्हती. पुष्पीचं लग्न माझ्या एका कार्डानं मोडलं म्हणून रडू आलं. पण दाजी, पट्ट्याला मागं नवं भोक पाडलं. रात्री झोप लागते. काल गंमत म्हणून काट्याच्या पायऱ्या चढून आलो आणि खुर्ची आठवली नाही. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, काय केलंत? मी म्हणालो, बदनामी.

चौकशी संपत आली आहे. सरकारी निरीक्षक वजनं घेऊन आले होते, काटा चोख निघाला. साहेब म्हणतात, पुन्हा बसा जाऊन. मी म्हणणार आहे, राहू द्या मला गाडीतळावरच.

सहादेव

————

राजूर,
१२ मार्च १९७२

चि. सहादेव,

काटा चोख निघाल्याचं इथं सर्वांना कळलं. कानिफनाथानं स्वतः होऊन चार ठिकाणी सांगितलं, त्याला वाईट वाटत होतं. मला वाटलं, सुटलो.

परवा श्रीमंतराव आले. या वेळी पाणी प्यायले. म्हणाले, "काटा बरुबर निघाला, माझं काय म्हननं न्हाई. पर मी तुमच्या मेव्हण्याला तळावर बघितला. मानूस पार उतरलाय. गालफडं बसल्यात. चोख मानूस असा वाळतो व्हय? मनाला खातंय म्हनून वाळला."

मी म्हणालो, अहो, तो वाळतोय हेच तर मी तुम्हाला पौषात सांगत होतो. त्यावर ते म्हणाले, "तवा वाळला न्हवता." म्हणजे जाड होतास तेव्हा तू खोटा होतास, बारीक झालास म्हणून चोर ठरलास.

मग त्यांनी मुद्दा सांगितला. भावकी विचारते, मामा निर्दोष आहे तर तळावर का? म्हणून मामा पुन्हा काट्यावर बसलेला दिसला की दुसऱ्या दिवशी तिथी काढू. नाहीतर राधाकृष्णाला संगमनेरकडचं दुसरं स्थळ सांगून आलं आहे. माणूस दुष्ट नाही, सहादेव. त्यालाही चार लोकांत उभं राहायचं आहे.

तुझ्या अक्काचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो. "भाऊ, तू तळावर चालतो ते ऐकून मला घास ग्वाड लागत न्हाई. आपल्या आईचा तू येकच. पुष्पीला उजवायचीय. काट्यावर बस, मग काय बी खा, न खा." ती पाठमोरी झाल्यावर मी तिला सांगितलं की तळावरच त्याची तब्येत चांगली आहे. ती म्हणाली, "मास्तरकी शाळंत करा."

मी तुला बस म्हणणार नाही आणि बसू नकोस असंही म्हणणार नाही. मुलीचा बाप आहे, म्हणून बस हा शब्द ओठावर येतो, पण तुझं पत्र मी दोनदा वाचलं आहे.

रंगनाथ

————

संगमनेर,
९ एप्रिल १९७२

ती. दाजी,

बसलो.

साहेबांकडे जाऊन मीच खुर्ची मागितली. पहिल्या दिवशी ठरवलं होतं, चहा घ्यायचा नाही. दहा वाजता श्रीमंतराव स्वतः आले, हंगामातली त्यांची शेवटची गाडी घेऊन. पेढ्यांचा पुडा आणला होता. सगळ्या रांगेदेखत म्हणाले, "मामा, मनात काय ठिऊ नका, तोंड ग्वाड करा." रांग बघत होती. नाही म्हणालो असतो तर राग धरला असं झालं असतं. एक खाल्ला. त्यांनी दुसरा हातानं भरवला. मग मागच्या गाडीवाल्यानं चहा आणला, कारण एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाही, असं काट्यावर चालत नाही.

तिथी निघाली ते कळलं. पुष्पीला सांगा, मामा येतोय. नवा फेटा घेतला आहे. पट्टा जुनाच आहे, पण भोकं सगळी वापरात आहेत.

सहादेव

————

राजूर,
२८ मे १९७२

चि. सहादेव,

कार्य नीट पार पडलं. पुष्पी सासरी रुळते आहे. परवा तिला आणायला गेलो तर ओट्यावर राधाकृष्ण तिला पेपर वाचून दाखवत होता, मला पाहून दोघंही आत पळाली. तुझ्या अक्काचं सगळं दुखणं थांबलं. गावात तुझं नाव निघालं की लोक म्हणतात, मामा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

मी लग्नात तुला बघत होतो. व्याह्यांच्या पंगतीत श्रीमंतरावांनी तुला जिलेबीचा घास भरवला, त्यांच्या भावानं भरवला, चुलत्यानं भरवला. तू प्रत्येक वेळी आधी माझ्याकडे बघायचास आणि मग तोंड उघडायचास. मी मान खाली घातली. मी मुलीचा बाप, व्याह्याचा हात कसा धरणार होतो?

आणखी एक. भटजींनी मुलीच्या मामांनी मुलीला आणावं असं म्हटल्यावर तू पुष्पीला घेऊन निघालास. घरापासून मांडवापर्यंत अंतर ते किती? मधेच तू फेटा सारखा करायला थांबलास. लोकांना वाटलं, मामा मिरवतोय. फेटा नीट होता, सहादेव. हात छातीवर होता.

पुष्पीनं तेव्हा मागं वळून बघितलं. काल तिनं मला एकट्याला गाठून विचारलं, मामाला बरं नाही का? मी म्हणालो, तसं काही नाही. मला तुझी काळजी वाटते, आणि ती या घरात कुणापुढं बोलायची सोय नाही.

डॉक्टर काय म्हणतात ते खरं खरं कळव. मात्र पाकिटात लिही.

तुझा
रंगनाथ

————

(पोस्टकार्ड)

संगमनेर, ११-६-७२

ती. दाजी यांस सा. न. वि. वि.

पत्र पोचले. पाकिटात लिही म्हणालात, पण आता पाकिटाची गरज उरलेली नाही. माझे वजन पूर्वीइतके झाले असून दिवसेंदिवस वाढतच आहे. डॉक्टरांनीदेखील परवा मला पाहून हात जोडले. हे कार्ड कानिफनाथास बाजारात मोठ्याने वाचू द्यावे. अक्काला समाधान वाटेल. पुष्पीच्या सासरीही कळवावे.

आपला
सहादेव

ता. क. : तात्या गेले तेव्हा त्यांचे वय काय होते, एवढे अक्काला सहज विचारून कळवावे.